सल्ला हवा: झाडछाटणीचा स्वतःचा धंदा सुरू करतोय

शेंड्यावरचा:
मंडळी, पुण्यात एका ठेकेदाराकडे आठ वर्षं झाडावर चढतोय. छाटणी, वाळकी झाडं उतरवणं, पावसाळ्यात पडलेली झाडं कापणं, सगळं केलंय. दिवाळीनंतर स्वतःचं सुरू करायचा विचार आहे. चढण्याची भीती नाही. भीती आहे ती दर सांगायची. काल एका सोसायटीत गुलमोहर बघायला गेलो, सेक्रेटरी म्हणाले "बोला किती?" आणि माझी जीभच अडली. दर कसा ठरवता? परवानगी कोणी काढायची? आणि पहिल्या पैशात काय घेऊ? माझ्या डोक्यात मोठी चेनसॉ आहे.

बुंधा_नाशिक:
चेनसॉ शेवटी. आधी हार्नेस, हेल्मेट, चांगला दोर आणि आत स्टीलची तार असलेला कमरेचा छोटा पट्टा. वर करवत चालू करताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवाच, कारण फिरती साखळी दोराला लागली की दोर गेलाच. ठेकेदाराकडे एकाच नायलॉनच्या दोरीवर लटकून काम केलं असशील, आपण सगळ्यांनीच केलंय. ती सवय तिथेच सोडून ये.

दराचं म्हणशील तर झाड बघून आकडा सांगूच नकोस. वही काढ. माणसं किती, दिवस किती, टेम्पोच्या खेपा किती, पेट्रोल, चेनचं तेल, साखळीची धार. त्यावर तुझी मजुरी वेगळी, कारण वर तू जाणार. नवे लोक फसतात ते पाल्यात. फांद्या अर्ध्या दिवसात खाली येतात, उचलून न्यायला दीड दिवस जातो. आणि लाकूड कोणाचं ते आधी लिहून घे. "लाकूड तुम्हीच न्या, पैसे कमी करा" असं सगळेच म्हणतात. गुलमोहराच्या लाकडाला वखारवाला जळणाच्या पुढे काही देत नाही.

माजी_सेक्रेटरी:
दुसऱ्या बाजूने सांगतो. परवानगी झाडाच्या मालकाने काढायची, म्हणजे सोसायटीने. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात. १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे, त्यात 'तोडणे' या शब्दाखाली झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे नुसती छाटणी असली तरी विचारून करा. पूर्ण झाड काढायचं तर झाडावर नोटीस लागते, हरकतींना वेळ द्यावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडं पुरातन वृक्ष धरतात, तिथे काम आणखी लांबतं. आमच्याकडे एकाने "परवानगी येतेच आहे, तुम्ही सुरू करा" म्हणून काम करून घेतलं. गुन्हा सोसायटीबरोबर कापणाऱ्यावरही नोंदला गेला. पत्राची प्रत हातात आल्याशिवाय शिडीसुद्धा लावू नका.

आणि आगाऊ रक्कम घ्या. सोसायट्या पैसे बुडवत नाहीत, पण "पुढच्या मीटिंगला ठेवतो" म्हणत तीन महिने काढतात. मीच काढलेत.

शेंड्यावरचा:
काका, हे प्रामाणिकपणे सांगितलंत :) त्या गुलमोहराचं असं आहे की त्यांना तो "वरून पूर्ण उडवून" हवाय. गाड्यांवर पडेल म्हणून.

बुंधा_नाशिक:
नको करूस. शेंडा उडवला की दोन वर्षांत तिथून झाडूसारखे धुमारे फुटतात. ते नुसते सालीजवळ धरलेले असतात आणि पहिल्या वळवात तेच गाडीवर येतात. आधी बुंधा बघ. मी लाकडी हातोडा घेऊन चारी बाजूंनी ठोकत फिरतो. भरीव असेल तर 'ठक' येतो, पोकळ असेल तर 'ढब'. मुळाजवळ खोडाला चिकटलेली लाकडासारखी कडक अळंबी दिसली तर वर चढूच नकोस, आतून कुजलेलं असू शकतं. तिथे बकेटवाली गाडी बोलवायची, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी, आणि तो खर्च दरात धरायचा.

फांदी काढताना तीन काप. पहिला खालून, पाव ते तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा थोडा पुढे, वरून. फांदी पडते पण साल सोलत खोडापर्यंत येत नाही. मग उरलेला खुंट, तोही फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळीच्या बाहेरून. वळी कापलीस तर जखम भरत नाही. वर डांबर फासायची गरज नाही, लोक आग्रह धरतात, त्यांना समजाव. आणि काटेरी बूट फक्त पाडायच्या झाडावर. जगवायच्या झाडाला भोकं पाडून काय उपयोग.

माडावरचो:
माडाचो विषय निघालो नाय, तरी लिहितंय. शहरात नारळाची कामं भरपूर आहेत. वाळक्या झावळ्या, पार्किंगवर पडणारे नारळ, वर्षातून दोनतीनदा तरी हमखास बोलावणं. नारळ विकास मंडळ यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण देतं, चौकशी कर. पावसाळ्याआधीची धावपळ संपली की हीच कामं घर चालवतात.

लीड्सकर:
मी इकडे इंग्लंडमध्ये चार वर्षं खाली दोर धरणारा गडी होतो. इथे चढायच्या दोराची आणि हार्नेसची दर सहा महिन्यांनी जाणत्या माणसाकडून तपासणी करून नोंद ठेवावीच लागते. तिकडे कोणी विचारणार नाही, पण एक वही तूच ठेव. दोर कधी घेतला, कधी झिजला. आणि खाली उभा राहणारा माणूस नेहमीचा, ओळखीचा घे. माझ्या मालकाचं निम्मं काम वरून फक्त माझ्याकडे बघून चालायचं.

माजी_सेक्रेटरी:
विमा राहिला. बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. गड्यांचाही काढा. पण तो पुरणारा नाही, मोठा अपघात विमा वेगळा हवा. दुसऱ्याची गाडी चेपली तर त्याचा तिसराच. जीएसटी सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, एवढ्यात काळजी नको.

बुंधा_नाशिक:
तारेजवळची फांदी असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत चहा पी. "मी जपून करतो" म्हणणारे दोघे मी ओळखत होतो.
मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी बघ. पिल्लं असतील तर तारीख पुढे ढकल.

शेंड्यावरचा:
आज पुन्हा गेलो होतो. बुंधा ठोकला. रस्त्याकडच्या बाजूने सरळ 'ढब'. सेक्रेटरींना बोलावून त्यांच्याच हातात हातोडा दिला, त्यांनी चार वेळा ठोकून बघितलं. शेंडा उडवायचं बोलणं तिथेच थांबलं. आता पूर्ण झाड काढायचा अर्ज ते टाकतायत. पाला, टेम्पो आणि बकेट गाडी धरून आकडा वहीत लिहूनच सांगितला, जीभ अडली नाही. "जरा जास्त वाटतंय" म्हणाले, पण मीटिंगला ठेवतायत.
बकेट गाडी दिवसाने मिळते की तासाने? पुण्यातलं कोणी सांगेल का?