दसऱ्याच्या सुट्टीत जैसलमेर: बेळगावातून कसं जमवायचं?

खानापूरकर:
जैसलमेरचा सोनार किल्ला आणि वाळूच्या टेकड्या बघायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलं (12 आणि 7) आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात. शाळा कर्नाटक राज्य बोर्डाची, म्हणजे मोठी सुट्टी दसऱ्याचीच. रेल्वेनं कसं जावं, ऑक्टोबरातलं ऊन झेपेल का, किल्ल्यातच राहावं का आणि तंबूत एक रात्र घालवावी का?

टिळकवाडी:
आधी रेल्वेचं बघा, सगळं तिथंच अडतं. बेंगळूरहून हुबळीमार्गे जोधपूरला जाणारी एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे करत जाते. ती रोज नाही, तेव्हा गाडीचे वार बघूनच तारखा ठरवा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जायचं तिकीट मिळालं की लोक निवांत होतात आणि परतीचं वेटिंगवर जातं. परतीचं आरक्षण उघडतं त्या दिवसाची वेगळी आठवण लावून ठेवा.

सहा जणांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा (पुरुष 60, बायका 45 पासून) एका तिकिटावर फार तर दोघं असतील तरच लागतो. आई-बाबांचं वेगळं काढा. बेळगावहून जागा दिसली नाही तर हुबळीहून बघा आणि बोर्डिंग बेळगाव टाका. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.

प्रवास साधारण दीड दिवसाचा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तेवढे दिवस आरामात टिकते. जोधपूरला एक रात्र थांबाच, पुढं पोकरणवरून जैसलमेर 280 किलोमीटरच्या आसपास आहे.

निपाणीची ताई:
ऑक्टोबरात दुपारी पारा 35-36 पर्यंत जातो. हवा कोरडी, घाम येतो तो तिथंच वाळतो, म्हणून मुलं पाणी मागत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तहान लागायची वाट न बघता पाजत राहा, ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. बारा ते चार खोलीतच.

किल्ला सकाळी उरका. आतली जैन मंदिरं पर्यटकांना साधारण दुपारपर्यंतच बघता येतात. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही. दगडी चढ चार दरवाज्यांतून वळत जातो आणि फरशा झिजून गुळगुळीत झाल्यात. आईंना पकड असलेली पादत्राणं घाला, नुसत्या चपला नकोत.

राहायचं मात्र बाहेर. हा किल्ला 1156 चा, त्रिकूट टेकडीवर. टेकडीत मऊ खडक आणि मातीचे थर आहेत. पूर्वी आत पाणी डोक्यावरून वाहून आणायचे, जपून वापरलं जायचं. नळ आणि हॉटेलांची न्हाणीघरं आल्यावर सांडपाणी खाली मुरत गेलं, बुरूज ढासळले. शिवाय पिवळाधमक किल्ला दिसतो तो बाहेरूनच, सूर्यास्ताला व्यास छत्री या जुन्या स्मारकांच्या जागेवरून.

वडगावकर:
तंबूत एक रात्र बस्स. वाळूच्या टेकड्यांचं सम गाव जैसलमेरहून 40-42 किलोमीटर आहे. जाहिरातीत वाळू दाखवतात, पण बरेच कॅम्प डांबरी रस्त्याकडेलाच आहेत. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: टेकड्यांपासून अंतर, गरम पाणी किती वाजता, स्पीकर कधी बंद, उंट आणि जीप दरातच की वेगळे. शांतता हवी तर खुडी गाव बघा. समलाच राहणार असाल तर संध्याकाळची जत्रा सोडा, पहाटे जावा.

जीपमध्ये आई-बाबांना मुळीच बसवू नका. टेकडीच्या धारेवरून गाडी खाली आदळते, कंबर जाते. त्यांना उंटगाडी करा.

खानापूरकर:
आणि धाकटा उंटावर?

वडगावकर:
मोठ्या माणसाच्या पुढं बसवा. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे बसलेला माणूस पुढं फेकला जातो. खाली बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा मागं रेलायचं आणि खोगिराची मूठ सोडायची नाही. फोन हातात नको, वाळू चार्जिंगच्या भोकात गेली की काम संपलं.

टिळकवाडी:
एक दिवस हाताशी असेल तर पाकिस्तान सीमेकडची तनोट आणि लोंगेवाला ही ठिकाणं करा. लष्कराच्या मराठा सेंटरच्या गावची, बेळगावची पोरं ती, 1971 च्या युद्धातले रणगाडे बघायला नाही म्हणणार नाहीत. तनोट जैसलमेरहून 120 किलोमीटर. पहाटे निघा, सगळ्यांची आधार कार्डं घ्या, टाकी जैसलमेरलाच भरा. आईंना इतकं बसवत नसेल तर त्या दिवशी त्यांना खोलीवरच राहू द्या की.