जपानच्या खेड्यात इंग्रजी शिकवायला चाललेय, तयारी काय करू?

मी सातारची. जपानमधल्या डोंगराळ भागातल्या शाळेत असिस्टंट इंग्लिश टीचर म्हणून निवड झालीय, जुलैअखेर निघायचंय. तिकडं गाडीशिवाय चालत नाही म्हणतात, आणि मी शाकाहारी, आईला त्याचाच घोर लागलाय. कुणी जाऊन आलंय का?

सांगलीकर: अभिनंदन ताई! आधी आरटीओत जाऊन इंटरनॅशनल परमिट काढा, तिथं 1 वर्षच चालतं, पुढं जपानी लायसन्स करताना इथलं लायसन्स मिळाल्यावर किमान 3 महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, त्यामुळं जुना पासपोर्टपण जवळ ठेवा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडनं.

वाईची ताई: अगं जेवणाचं नीट ऐक, नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात दाशी असतं म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. शाळेतलं जेवण सगळ्यांना एकच, तेव्हा डबा नेणार हे आधीच कळव. तांदूळ, तोफू मिळतं. मेतकूट, गोडा मसाला आणि छोटा कुकर घेच. आईला सांग, उपाशी राहणार नाहीस.

कराडकर: औषधं तपासा!! स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिकडं नेताच येत नाहीत, खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधांनाही बंधनं आहेत. आणि घरं लय गार, रॉकेलचा हीटर लावून बसायचं, खिडकी अधनंमधनं उघडायची, नाहीतर बंद खोलीत विषारी गॅस साठतो, हे मात्र विसरू नका.