दगडीची ट्यूब भरलेल्या म्हशीचं दूध: उकळून चालेल का, दूध संस्थेत कधीपासून घालायचं?

गोठा_करवीर
मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, व्यायला दीड महिना झाला. मागच्या डाव्या सडाला दगडी (कासेचा जंतुसंसर्ग) झाली होती. डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकची ट्यूब भरली, जोडीला तीन दिवस इंजेक्शन. सूज उतरली, गुठळ्या गेल्या, दूध दिसायला एकदम स्वच्छ. शेवटचा डोस परवा संध्याकाळी झाला. बाकीच्या तीन सडांचं दूध आता संस्थेत घातलं तर हरकत आहे का? घरात उकळून वापरलं तर? काल विरजण लावलं, दही लागलंच नाही. सध्या ते दूध रेडकाला पाजतोय, फेकून द्यायला जीवावर येतं. शेजारचे म्हणतात, परत दगडी झाली तर माणसांचं अँटिबायोटिक सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन मारा, एका दिवसात उतरते. खरं का?

सडसाफ
दादा, चारही सडांचं दूध थांबवा. एका सडात भरलेलं औषध कासेतून रक्तात जातं आणि रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. तुमच्याकडं तर वरून इंजेक्शनही झालंय, म्हणजे तीन सड वेगळे धरायचा प्रश्नच उरत नाही.

दिवस मोजायचे ते शेवटच्या डोसपासून. ट्यूबच्या खोक्यावर आणि इंजेक्शनच्या बाटलीवर दूध किती काळ वापरायचं नाही ते छापलेलं असतं. दोन्हींत जो आकडा मोठा तो धरा. आकडाच नसेल, तर आपल्या औषध नियमांतल्या नियम ९७ प्रमाणे दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस. हा छापील आकडा लेबलावरच्या डोसपुरताच असतो, हे मात्र बहुतेक जण विसरतात. डोस वाढवला, दोन औषधं एकत्र दिली किंवा दोनाच्या चार ट्यूब झाल्या, की तो अपुरा पडतो. अशा वेळी डॉक्टरांकडून नवा आकडा कागदावर लिहून घ्या. गोठ्यात धार काढणारं माणूस बदलत असेल तर म्हशीच्या पायाला लाल पट्टी बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी सवयीनं किटलीत धार ओततोच.

रेडकाला पाजणं आजच बंद करा. त्याच्या आतड्यात औषध थोड्या-थोड्या मात्रेत रोज जातं, साधे जंतू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे ई. कोलाय (आतड्यातले जंतू) तेवढे माजतात. ते शेणातून गोठ्यात येतात, तिथून परत सडाला. दूध विहीर आणि ओढ्यापासून लांब खड्ड्यात ओता. बायोगॅसच्या टाकीत नको, गॅस करणारे जंतूही त्यानं मंदावू शकतात.

विरजणवाला
दही न लागणं हे पेनिसिलिन गटाच्या औषधाचं जुनं लक्षण. विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जंतू या औषधांपुढं फार नाजूक असतो. पण खात्री करायची तर जोडीला दुसरं भांडं लावा: तेच विरजण, तेवढंच, दुसऱ्या म्हशीचं दूध, दोन्ही भांडी एकाच जागी. दुसरंही लागलं नाही तर विरजण जुनं आहे किंवा गारठा आहे, औषधाचा दोष नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण लोक इथंच फसतात. दही लागलं म्हणजे दूध शुद्ध, असं नाही. टेट्रासायक्लिन किंवा सल्फा ही दुसरी औषधं मर्यादेपेक्षा जास्त असूनही दही लागू शकतं. प्रयोगशाळेतल्या चाचणीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू असलेल्या जेलवर दूध घालून ते ६४ अंशांवर साधारण तीन तास ठेवतात. जंतू वाढला की आम्ल होऊन जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात जंतू रोखणारं काहीतरी आहे.

"एवढ्या मोठ्या टँकरमध्ये माझ्या दोन लिटरनं काय होतंय" असं वाटत असेल तर हिशेब बघा. पेनिसिलिनची दुधातली आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम. १ लाख युनिटची ट्यूब म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम, म्हणजेच ६०,००० मायक्रोग्रॅम. तिचा दहावा हिस्सा जरी एका धारेत उतरला तरी १,५०० लिटर दूध मर्यादेवर जातं. एका म्हशीची एक धार अख्ख्या गावाचं संकलन बाद करू शकते.

पेट्रीडिश
उकळण्याबद्दल. इथं दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातायत: दुधात उरलेलं औषध आणि दुधात असलेला जंतू.

औषधाला दाद न देणारा जंतू उष्णतेला काही जास्त चिवट नसतो. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, एवढ्यात तो साध्या भावंडांसारखाच मरतो, मग घरची उकळी तर पुरेशी झालीच. औषधाचं उलटं. पेनिसिलिन गटाचं बरंचसं उकळूनही शिल्लक राहतं, सल्फा तर जवळपास तसंच. घरात कुणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर उकळलेल्या दुधानंही अंगावर पित्त उठू शकतं. म्हणजे जंतूवर इलाज उकळी, औषधावर इलाज फक्त थांबणं. एकाचं काम दुसरा करत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दगडीचाच एक जंतू. न उकळलेलं दूध उन्हाळ्यात चार-पाच तास बाहेर राहिलं तर तो वाढून विष सोडतो, आणि ते विष उकळीनं जात नाही. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नसतो, कारण त्रास विषाचा आहे.

सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन माणसांच्या शेड्यूल एच१ मध्ये (कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) आहे. दुकानदारानं चिठ्ठीवरच द्यायचं आणि नोंदवही तीन वर्षं जपायची. गोठ्यात ते सर्रास वापरलं की ते फोडणारं एन्झाइम बनवणारे ई. कोलाय निवडले जातात. हे जनुक बहुधा प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतं, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडंही जातं. कॉलिस्टिन या अँटिबायोटिकचं हेच झालं. चीनमध्ये डुकरं, मांस आणि रुग्ण या तिन्हींत कॉलिस्टिनला दाद न देणारं एमसीआर-१ जनुक सापडल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि भारतानं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कॉलिस्टिनवर बंदी घातली.

सडसाफ
"एका दिवसात उतरते" याबद्दल माझंही थोडं. ई. कोलायची सौम्य दगडी बऱ्याचदा आपली आपणच उतरते आणि श्रेय शेवटच्या इंजेक्शनला मिळतं. आणि उतरली नाही म्हणजे जंतू रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा), असंही नाही. स्टॅफ ऑरियस कासेत बारीक गळवं करून बसतो, पेशींच्या आत शिरतो. तिथं औषधच पोचत नाही. प्रयोगशाळेत 'सेन्सिटिव्ह' (औषधानं मरणारा) असलेला जंतू कासेत हटत नाही तो यामुळं. अशा म्हशीत औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही.

रंकाळाकाठ
मग कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचं काय? पिढ्यान्‌पिढ्या लोक पितायत.

पेट्रीडिश
पिढ्यान्‌पिढ्या ब्रुसेलोसिसही (जनावरांकडून, कच्च्या दुधातूनही येणारा ताप) होत आलाय, फक्त त्याला 'अंगात मुरलेला ताप' म्हणून सोडून दिलं जातं. धारोष्ण दुधात उकळीही नाही आणि डोळ्यांना औषध दिसत नाही. धडधाकट माणसानं आपल्या जोखमीवर प्यावं; पोरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना देऊ नये. घरी नेऊन उकळून प्यायलं तर चव थोडी जाते, रोगाचे नेहमीचे जंतू जातात.

गोठ्यात वावरणाऱ्याला ताप महिनाभर येत-जात असेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना "घरात म्हसरं आहेत, एक गाभडली होती" हे स्वतःहून सांगा. ब्रुसेलाला साधारणपणे डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध असं ६ आठवडे लागतं. आठवड्यात ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की तो उलटतो. टायफॉइड मात्र म्हशीकडून येत नाही, तो माणसाकडूनच माणसाला. आणि साध्या पाणचट जुलाबाला दुकानातून अँटिबायोटिक आणू नका: ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या पोराला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस. शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर दवाखाना, आणि शौचाचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी.

गोठा_करवीर
रेडकाचं बंद केलं. पुढच्या वेळी औषधाआधी दूध तपासायचं तर नमुना कसा घ्यायचा? डबीत धरलेलं चालतं का?

सडसाफ
डबीत धरलेलं नको, तपासणीत शेणाचे जंतू येतात आणि रिपोर्ट वाया जातो.

आधी कोणता सड ते ठरवा. प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत घ्या, त्यात तेवढंच कपड्याच्या पावडरीचं पाणी (अर्ध्या लिटरला १५ ग्रॅम) घालून मिनिटभर फिरवा. घट्ट, शेंबडासारखं झालं तो सड आजारी. पाण्यासारखंच राहिलं तर बरा.

मग कास पुसून कोरडी करा, हात धुवा. पहिल्या तीन-चार धारा सोडा. सडाचं तोंड ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. पुसताना लांबचे सड आधी, नमुना घेताना जवळचे आधी. नाहीतर पुसलेल्या सडाला तुमचीच बाही लागते. निर्जंतुक बाटली आडवी धरा म्हणजे वरून केस-कचरा पडत नाही, ५ ते १० मिलिलिटर पुरे. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. अँटिबायोटिक आधीच दिलं असेल तर जंतू उगवत नाही, आणि "काही नाही" असा रिपोर्ट येतो. त्यावर विश्वास ठेवू नका.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. म्हैस खात-पित असेल, ताप नसेल, तर तेवढं थांबायला हरकत नसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. रोजच्या धारेनंतर सड ०.५ टक्के आयोडिनमध्ये बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, आणि तेव्हाच ती शेणात बसली की दगडी परत.