गॅरेजमधला एसी, कूलरचे पाणी आणि तापलेला पत्रा

दीडटन
नागपूरच्या आमच्या घराला लागून बारा बाय अठरा फुटांचे गॅरेज आहे. वर टिनाचा पत्रा आणि समोर रोलिंग शटर असून सुट्टीच्या दिवशी मी तेथे जुन्या दुचाकींची कामे करतो. गेल्या पंधरवड्यात मी तेथे दीड टनाचा एसी बसवला. कूलर हे मागच्या पिढीचे यंत्र आहे. आवाज, कुबट वास आणि डास यांखेरीज ते काही देत नाही. ज्यांना परवडते त्यांनी एसी घ्यावा, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी मे महिन्यात गॅरेजचे कुलूप उघडू नये.

जुनाफिटर
शेवटचे वाक्य लिहिले नसते तर मी उत्तर देण्याचा त्रास घेतला नसता. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि त्या दुपारी मी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये खसच्या ताट्या लावलेल्या लोखंडी कूलरसमोर बसून एका स्कूटरचा क्लच उतरवत होतो. आमच्याकडे 45 अंशांची दुपार असते तेव्हा हवेत ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो आणि वेट बल्बचे तापमान, म्हणजे पाणी वाफ करून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते, तेवीस-चोवीसच्या पुढे जात नाही. ताट्या नीट भिजलेल्या असतील तर अशा हवेत कूलरच्या तोंडाशी अठ्ठावीस अंश मिळतात. हा हिशेब मागच्या पिढीचा नाही, हवेचा आहे.

आपल्या एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. बाहेर 45 असताना तोच एसी कमी उष्णता बाहेर टाकतो आणि वीज जास्त खातो. शिवाय रोलिंग शटरच्या पट्ट्यांमधून आणि खालच्या फटीतून जी गरम हवा आत शिरते, तिला एसीची खोली म्हणजे नुसते आमंत्रण आहे. कूलरचे याच्या उलट असते. त्याला हवा बाहेर जायला वाटच लागते, म्हणून तो खिडकीत बसवावा आणि शटर वीतभर उचलून ठेवावे. बंद शटरआड आपण इंजिन सुरू करून ट्यूनिंग करत नसाल अशी आशा आहे, कारण एसी तीच हवा आतल्या आत फिरवतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपले शटर कोणत्या दिशेला आहे?

खाडीकाठ
जुनाफिटर यांचे म्हणणे नागपूरपुरते खरे आहे, पण ते ज्या ठामपणे बोलतात त्या ठामपणाचा फटका आम्हाला बसला आहे. माझ्या सासऱ्यांनी अशाच एका विदर्भवासी स्नेह्याच्या सल्ल्याने चिपळूणच्या गॅरेजसाठी मोठा कूलर घेतला. आमच्याकडे मे महिन्यात 34 अंश आणि पासष्ट टक्के ओलावा असतो, वेट बल्ब अठ्ठावीसच्या घरात. कूलरने हवा चार अंशांनी उतरवली, पण अंगावरचा घाम वाळेना, आणि आठ दिवसांत बेंच व्हाइसवर तांबूस थर आला. शेवटी दोन समोरासमोरच्या भिंतींत झरोके पाडून एका बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवला. त्यावर आम्ही समाधानी आहोत.

सागवान
गंजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कूलर नागपुरातही ओलावा साठ-सत्तर टक्क्यांवर नेतो. मी गॅरेजमध्ये सुतारकाम करतो, आणि कूलरच्या हवेत बनवलेला सागवानी खण जूनपर्यंत बसतो, मग कधी अडकतो तर कधी खुळखुळतो. ज्याचे काम लाकडाचे किंवा मोकळ्या ओतीव लोखंडाचे आहे, त्याच्यासाठी दीडटन यांचे मत त्यांच्या उर्मट भाषेसह स्वीकारावे लागते.

दीडटन
उर्मट म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. आमच्या लेआउटमध्ये एप्रिलपासून टँकर येतो. शेजारच्या बाई पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभ्या असताना, स्कूटरचा क्लच उतरवणाऱ्या माणसाच्या पाठीला गार वारा लागावा म्हणून पिंपभर पाणी हवेत उडवणे ज्यांना शोभते, त्यांनी मला शिष्टाचार शिकवू नये.

जुनाफिटर
आपली वीज आकाशातून पडते असा आपला समज दिसतो. शहराला लागूनच कोराडीचे औष्णिक केंद्र आहे, आणि त्याचे उंच शीतक मनोरे दुसरे काय करतात? तेही कूलरच आहेत, फक्त आपल्या अंगणात नाहीत. एसी लावणाऱ्याचे पाणी दुसऱ्याच्या दारात उडते, एवढाच काय तो फरक आहे.

लॅम्ब्रेटा
दोघांनीही आकडे टाळले आहेत, म्हणून मी मांडते. केंद्र सरकारच्या 2015 च्या अधिसूचनेप्रमाणे जुन्या, शीतक मनोरे असलेल्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. दीड टनाच्या एसीने सहा तासांत नऊ युनिटे खाल्ली असे धरले तर तिकडे साधारण तीस-बत्तीस लिटर पाणी गेले. जुनाफिटर यांनी आपल्या कूलरमध्ये किती बादल्या ओतल्या, हे प्रामाणिकपणे सांगावे.

जुनाफिटर
शनिवारी मुद्दाम मोजल्या. पाच तासांत पंधरा लिटरच्या सहा बादल्या लागल्या, म्हणजे तासाला अठरा लिटर. पाण्याचा आकडा माझ्या विरुद्ध जातो, हे मी लिहून देतो. दीडटन यांनी ते हवे तर चौकटीत मढवून एसीखाली टांगावे. मात्र एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता शोषते. म्हणजे माझा कूलर तासाला बारा युनिटांएवढी उष्णता उचलतो आणि त्यासाठी दोनशे वॉटची मोटर पुरते. आपला दीड टन बरा चालला तर पाच युनिटांएवढी उचलतो.

लॅम्ब्रेटा
या बारा युनिटांपैकी मोठा भाग बाहेरून ओढलेली 45 अंशांची हवा गार करण्यात जातो आणि ती हवा काही क्षणांत शटरखालून निघून जाते, हेही लिहून द्यावे. आणि कोराडीचा दाखला आपल्यावरच उलटतो. तेथे नागपूरच्याच भांडेवाडी केंद्रातून शुद्ध केलेले सांडपाणी नेले जाते. आपल्या बादलीत नळाचे पाणी होते.

जुनाफिटर
बोअरचे होते. क्षारांमुळे ताट्या दीड महिन्यात दगडासारख्या होतात, ती शिक्षा मी भोगतोच आहे.

सागवान
बोअरचे पाणी कोणाच्या मालकीचे असते, हा नवा विषय येथे उघडू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

लॅम्ब्रेटा
मी उघडणार नाही. माझा कूलरवरचा राग पाण्यापुरता नाही, हे मान्य करते. माझे मामा ओल्या हाताने कूलरच्या लोखंडी टाकीला चिकटले होते. बाजूच्याने मेन स्विच पाडला म्हणून वाचले. ज्यांना कूलरच ठेवायचा आहे त्यांनी अर्थिंग तपासून घ्यावे, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवावा आणि स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय टाकीत पाणी ओतू नये. डासांसाठी टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी.

आता वडिलांची लॅम्ब्रेटा स्कूटर ज्या गॅरेजमध्ये मी दुरुस्त करत आणली, तेथे काय केले ते सांगते. दीडटन यांचे बारा बाय अठरा, दोनशे सोळा चौरस फूट म्हणजे वीस चौरस मीटर. भर दुपारी अशा पत्र्यावर अठरा किलोवॉट ऊन पडते. त्यातले बरेच वाऱ्याने वरच्या वर जाते, पण उरलेल्याने खालच्या माणसाचे डोके भाजते, कारण हवा कितीही गार असली तरी तापलेला पत्रा थेट अंगावर उष्णता फेकत राहतो. मी पत्र्याला डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले आणि त्यावर हातभर उंचीवर हिरवी जाळी ताणली. इंजिन तापलेली गाडी तासभर बाहेर थांबवते. दुपारी बारा ते चार काम करत नाही. पंख्यावर भागते. तेलंगणाने 2023 मध्ये अशा गार छतांसाठी धोरण आणले, तेव्हा हा वेडेपणा माझ्या एकटीचा नाही.

दीडटन
बारा ते चार काम करायचे नसेल तर मग चर्चा कशाची? तरीही, कोणी म्हणू नये की मी ऐकत नाही, म्हणून रविवारी पहाटे मुलाला वर चढवून चुना मारून घेतला. पूर्वी दुपारी तीन वाजता एसी पूर्ण जोरात असूनही आत चौतीसच्या खाली उतरत नव्हते. काल तीस दाखवत होते. याचा अर्थ कूलर जिंकला असा कोणीही लावू नये.

जुनाफिटर
लावत नाही. मुलाला पुढच्या वेळी सांगावे की पाय बोल्टच्या रांगेवरच टाकायचा, कारण खाली आधाराचा लोखंडी अँगल तेथेच असतो. मधल्या पत्र्यावर टाकला तर चुना राहील आणि मुलगा खाली येईल. पावसाळ्यात हा चुना उतरेल, तो मार्चमध्ये पुन्हा मारावा लागेल. आणि शटर कोणत्या दिशेला आहे, हे मी अगदी सुरुवातीला विचारले होते.

दीडटन
पश्चिमेला.