रोमनेस्कोचे गड्डे लिंबाएवढेच का राहिले?

वाफ्यावरून
शेजारच्या वाफ्यातली कोबी आणि ब्रोकोली चांगली धरली आहे, पण रोमनेस्कोच्या (टोकदार सुळक्यांचा हिरवा फ्लॉवर) १० पैकी ७ रोपांना पुनर्लागवडीनंतर पाचव्याच आठवड्यात लिंबाएवढे गड्डे आले आणि वाढ तिथेच थांबली. त्या वेळी रोपांना १०-११ पानं होती. उरलेली ३ रोपं अंगाने भरली आहेत.
माहिती अशी: रोपं ३ सें.मी. खणांच्या ट्रेमध्ये केली, लावताना वय ५० दिवस. अंतर ४० × ४० सें.मी. चौरस मीटरला ३ किलो कुजलेलं शेणखत घातलं, नंतर वरखत काही नाही. मातीचा सामू (pH) ५.८. चांगल्या ३ पैकी एका रोपाचा दांडा आडवा कापून पाहिला, तर मधे पोकळी आणि आतली कड तपकिरी.
हे सगळं मातीत बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी असल्यामुळे झालं का? आता खत दिलं तर लहान गड्डे वाढतील का? आणि पुढच्या खेपेला नेमकं काय बदलायचं?

गादीवाफा
हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात मिसळू नका. बोरॉनचं कोणीतरी सांगेलच, मी लहान गड्ड्यांबद्दल लिहितो.

याला बटनिंग म्हणतात. पुरेशी पानं येण्याआधीच रोप गड्डा धरतं. एकदा शेंड्याने पानं काढणं सोडून गड्डा धरला की तो मागे फिरत नाही, त्यामुळे आता युरिया देऊन उपयोग नाही. ती ७ रोपं काढून जागा मोकळी करा.

कारण तुमच्याच माहितीत आहे: ३ सें.मी.चा खण आणि ५० दिवसांचं रोप. फ्लॉवर आणि रोमनेस्कोचं रोप ४ ते ५ आठवड्यांचं, ४-५ खऱ्या पानांचं असतानाच जमिनीत जायला हवं. खणातून रोप काढून मुळं बघा. पांढरी, बारीक मुळं मातीचा गोळा नुसता धरून ठेवत असतील तर वेळ बरोबर आहे. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल फिरलेली, खोड बारीक, कडक आणि जांभळट झालेलं असेल तर त्या रोपाची उपासमार झाली आहे. ते जगेल, पण गड्डा लवकर धरेल. कोबी असा ताण बराच सोसते, ब्रोकोली त्याहून कमी, आणि रोमनेस्को अजिबात नाही. म्हणून एकाच बागेत कोबी-ब्रोकोली चांगली धरली आणि रोमनेस्को फसला.

बटनिंगची बाकी कारणं: लहान रोपाला बरेच दिवस १० अंशांखालची थंडी लागणं, पाण्यात खंड पडणं आणि लावल्यावर पहिल्या महिन्यात नत्र न मिळणं. शेवटचं तुमच्याकडेही झालंय. या पिकाला हंगामभरात चौरस मीटरला साधारण १५ ग्रॅम नत्र लागतं. त्यातलं निम्मं लावताना खतातून मिळावं, बाकीचं दोन हप्त्यांत द्या, साधारण २५ व्या आणि ४५ व्या दिवशी. युरिया वापरत असाल तर दर खेपेला रोपाला ३ ते ४ ग्रॅम, बुंध्यापासून १०-१२ सें.मी. लांब गोलाकार टाकून मातीत मिसळायचा आणि लगेच पाणी द्यायचं. सेंद्रिय हवं असेल तर निंबोळी पेंड चालते, पण ती सावकाश लागू पडते, म्हणून पहिला हप्ता १०-१२ दिवस आधी द्या.

अंतर ६० × ६० करा. ४० सें.मी. कोबीला पुरतं. रोमनेस्कोची पानं हातभर पसरतात, आणि जेवढं पान तेवढाच गड्डा.

देठ_आणि_पान
बटनिंगबद्दल वरच्याशी सहमत. आता दांड्याचं बघू.

पोकळ दांडा दोन कारणांनी होतो. नत्र भरपूर आणि वाढ फार झपाट्याने झाली तर मधला भाग फाटतो, पण तेव्हा पोकळीची कड स्वच्छ, पांढरट-हिरवी असते. बोरॉन कमी असेल तर कड तपकिरी, पाण्याने भिजल्यासारखी आणि पुढे बुचासारखी होते, आणि नंतर गड्ड्यावरही तपकिरी डाग येतात. तुम्ही वरखतच दिलेलं नाही आणि कड तपकिरी आहे, म्हणजे बोरॉनची कमतरता धरायला हरकत नाही.

लागवडीआधी चौरस मीटरला बोरॅक्स १ ग्रॅम. एवढीशी पूड सारखी पसरत नाही, म्हणून १० चौरस मीटरच्या वाफ्यासाठी १० ग्रॅम बोरॅक्स १० लिटर पाण्यात विरघळवून झारीने द्या. अंदाजाने मूठभर टाकू नका. बोरॉनमध्ये कमी आणि विषारी यांतलं अंतर फार थोडं आहे, आणि त्याच वाफ्यात नंतर घेवडा लावलात तर पानांच्या कडा करपतात.

सामूही वाढवा. ६.५ ते ६.८ पर्यंत आणायचा तर मध्यम पोताच्या मातीला चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम बारीक चुनखडी, लागवडीच्या किमान ६ आठवडे आधी. शेणखत किंवा युरियासोबत चुना मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मात्र चुना जास्त झाला तर मातीत असलेलं बोरॉनही रोपाला उचलता येत नाही. म्हणून आधी चुना, पुन्हा सामू तपासणी, मग बोरॅक्स, हाच क्रम ठेवा.

नवीन पानं अरुंद, चाबकासारखी, जवळजवळ नुसती शीर उरलेली दिसली तर ती मॉलिब्डेनमची कमतरता. ती आम्ल जमिनीत येते आणि सामू सुधारला की बहुतेक वेळा जाते.

वाफ्यावरून
खूप आभार. लावायची तारीख कशी धरायची? गड्डा कधी कापायचा? आणि अळ्यांसाठी वाफ्याच्या कडेने मोहरी लावावी असं वाचलं, ते करू का?

गादीवाफा
तारीख उलटी मोजा. गड्डा भरताना दिवसाचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास हवं. २५ च्या वर गेलं की सुळक्यांमधून बारीक पानं डोकावतात आणि गड्डा सैल पडतो. तुमच्याकडे हा थंड काळ कधी येतो ते बघा. रोमनेस्कोला लावल्यापासून साधारण ७५ ते १०० दिवस लागतात, त्यात रोपवाटिकेचे ३० ते ३५ दिवस मिळवा. पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा पुनर्लागवडीपासूनचे असतात, बी पेरल्यापासूनचे नव्हे. इथेच महिनाभराची चूक होते.

रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावा आणि माती पायाने दाबा. नंतर एक पान धरून ओढा: पान फाटलं पाहिजे, रोप हलता कामा नये. भुसभुशीत मातीत रोप डुलतं आणि गड्डा घट्ट होत नाही. पाणी आठवड्याला चौरस मीटरमागे २५ ते ३० लिटर.

कापणीसाठी मधला शेंडा बघू नका, तो शेवटपर्यंत टोकदार असतो. गड्ड्याच्या खालच्या कडेचे सुळके बघा. ते एकमेकांना चिकटून असेपर्यंत थांबा, त्यांच्यात फट पडायला लागली की त्याच दिवशी कापा. व्यास साधारण १५ ते २० सें.मी. असतो. पांढऱ्या फ्लॉवरसारखी पानं बांधून झाकायची गरज नाही, हिरव्या रंगाला ऊन चालतं. आणि ब्रोकोलीसारखे बगलेतून नवे तुरे येतील म्हणून खोड ठेवून वाट बघू नका.

जाळीवाला
मोहरीचा सापळा चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी शेतावर लावतात, आणि तिथे त्याचा उपयोग होतो. दोन-चार वाफ्यांच्या बागेत मोहरी आणि पीक यांच्यात अंतरच राहत नाही. मोहरीवर वेळेवर फवारणी झाली नाही तर तीच अळ्यांची रोपवाटिका होते. शिवाय मोहरी, मुळा, सलगम हे सगळे याच कुळातले. फेरपालटात ते मधे घेतले तर कोबीवर्गीय पीक सलग घेतल्यासारखंच आहे.

लावल्या दिवसापासून १ मि.मी.पेक्षा बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी कमानींवर टाका आणि कडा मातीत पुरा. जाळी पानांना टेकू देऊ नका, फुलपाखरं बाहेर बसून टेकलेल्या पानावर अंडी घालतात. गड्ड्यासाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळी कापणीपर्यंत राहू द्या.

तरी अळी दिसलीच तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध), लेबलवरच्या मात्रेने, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. या पानांवर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी घरंगळून पडतं, म्हणून द्रावणात चिकटद्रव्य घाला. फवारणी अळी लहान असताना करा. ती सुळक्यांमध्ये शिरली की औषध पोचत नाही. माव्यावर हे चालत नाही. मावा दिसताच पाण्याच्या जोरदार धारेने पाडा, गड्डा धरण्याआधीच, नंतर तो फटींतून निघत नाही.

आणखी एक, ती ७ रोपं कापू नका, मुळासकट उपटा. मुळं धुऊन बघा. त्यांवर बोटासारख्या जाड, फुगीर गाठी असतील तर तो मुळांवरील गाठ्या रोग. त्याचे बीजाणू जमिनीत १५-२० वर्षंही टिकतात. मग अशी मुळं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, आणि सामू ६.८ वर न थांबता ७.२ पर्यंत न्यावा लागेल.

वाफ्यावरून
सातही उपटून धुतली. गाठी नाहीत. पण प्रत्येकाच्या मुळांना अजून ट्रेच्या खणाचाच आकार आहे, चौकोनी गोळा, बाहेर आलेली मुळं जेमतेम चार-पाच.

गादीवाफा
मग कारण तेच. पुढच्या वेळी ५ सें.मी.चे खण घ्या. पावसामुळे किंवा वाफा तयार नसल्यामुळे लावणी लांबली, तर ट्रेमध्ये थांबवून न ठेवता ३० व्या दिवशी रोपं मोठ्या कुंडीत हलवा.