लिंबला पंधरा गुंठ्यांचं गवत कापायला बसून चालवायचं यंत्र घ्यावं का? टिकाऊ आणि परवडणारं सुचवा

लिंबकर:
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर साताऱ्याजवळ लिंबला घर बांधलंय. जागा पंचवीस गुंठे, घर, विहीर आणि आंबा-चिकू सोडून पंधरा गुंठे मोकळी. श्रावणात गवत कमरेला लागतं. ब्रशकटरवाला गडी आहे, पण सोयाबीन काढणीला लागली की तो फोन उचलत नाही, आणि नेमकं तेव्हाच गवताला बी धरतं. माझे गुडघे गेलेत, त्यामुळे ढकलायचं यंत्र नको. मुलगा टेक्सासला असतो. त्याच्याकडं ४२ इंची राइड-ऑन मोवर आहे, तिकडं साधं मॉडेल दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतं म्हणे. "बाबा, तुम्हीही घ्या" असा लकडा लावलाय. बजेट दीड लाख, फार ताणलं तर दोन.

मिरज_लॉन्सवाला:
काका, आमच्या मंगल कार्यालयाच्या लॉनवर राइड-ऑन आहे. काम झकास करतं, शंका नाही. पण आमची जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट, लॉन लावलेलं, आणि लग्नसराईत आठवड्याला कापणी. गवत कधी चार बोटांच्या वर जाऊच देत नाही. कमरेएवढ्या गवतात हे यंत्र घातलंत तर डेकखाली (पात्यांवरचं पत्र्याचं झाकण) लगदा होऊन बेल्ट जळेल. आणि दोन लाखांत नवं, चांगल्या कंपनीचं राइड-ऑन आपल्याकडं मिळणं अवघड आहे. डॉलरला रुपयांनी गुणून चालत नाही, आयातीचा खर्च वर बसतो.

माणदेशी:
धनगराची मेंढरं बसवा दोन रात्री. गवत साफ, वर लेंडीखत फुकट. सर्व्हिस सेंटर लागत नाही 😀

लिंबकर:
माणदेशी, चिकूची रोपं लहान आहेत हो, गवताआधी तीच संपतील.

कुपवाड_फिटर:
काका, माझा धंदाच छोट्या इंजिनांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक हॉर्सपॉवर विचारतात. हॉर्सपॉवरनं यंत्र टिकत नाही. टिकतं ते डेक आणि स्पिंडलवर. पातं ज्या उभ्या दांड्यावर फिरतं तो स्पिंडल. स्वस्त यंत्रात त्याचं घर ॲल्युमिनियमचं असतं, दगड लागला की तडकतं. डेक दोन तऱ्हेचे: पातळ पत्रा दाबून काढलेला आणि जाड पत्रा वेल्डिंग करून बनवलेला. आपल्या ओल्या गवतात पहिला आतून गंजतो, त्यामुळे प्रत्येक कापणीनंतर खालचा लगदा खरवडावाच लागतो.

दुकानात गेलात की विक्रेत्याला एवढंच विचारा: स्पिंडलच्या बेअरिंगचा नंबर काय? ६२०३, ६२०४ असं काही सांगितलं तर ते बेअरिंग सातारा-सांगलीत कुठंही मिळेल. "पूर्ण असेंब्लीच मागवावी लागते" म्हणाला तर तिथून निघा. बेल्टचंही तसंच. पावसाळ्यात बेल्ट तुटला आणि नवा यायला महिना लागला, की तोवर गवत परत कमरेला.

दुसरं, पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि बागेतल्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल ओल धरतं. दिवाळीनंतर यंत्र झाकून ठेवताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. माझ्याकडं जूनमध्ये येणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. ऑइल पहिल्यांदा पाच तासांनी बदलायचं, पुढं साधारण पन्नास तासांनी.

आता तुम्ही सांगा, जमिनीला उतार किती आणि मुरमात दगड किती?

औंधची_ताई:
काका, थोडा हिशेब करते. पंधरा गुंठे म्हणजे १६,३३५ चौरस फूट. २१ इंची सेल्फ-प्रोपेल्ड मोवर (चाकं इंजिननं फिरतात, ढकलायचं नाही) एका फेरीत दीड फूट कापतो असं धरा. सगळं मिळून सव्वातीन किलोमीटर चालणं होतं. ते दोन दिवसांत वाटून घेतलं तर गुडघ्याला झेपेल का, डॉक्टरांना विचारून बघा. आमच्याकडं तोच आहे, राइड-ऑनच्या मानानं किंमत किती तरी कमी. फक्त त्यात पातं थेट इंजिनच्या क्रँकवर (मुख्य दांड्यावर) असतं, म्हणजे मोठा दगड लागला तर क्रँकच वाकतो. दगड वेचल्याशिवाय घेऊ नका.

लिंबकर:
ताई, हिशेबाबद्दल आभार. चालणं खरंच जमणार नाही, जिना चढतानाच देव आठवतो. फिटरसाहेब, विहिरीकडं उतार आहे. आज दोरी लावून मोजला, दहा फुटांत साधारण दोन फूट. कडेला मुरूम, बाकी काळी माती. दगड आहेत.

कुपवाड_फिटर:
दहा फुटांत पावणेतीन फूट, म्हणजे पंधरा अंश, ही बहुतेक राइड-ऑनची मर्यादा असते. तुमचा उतार त्या मर्यादेच्या आत आहे, पण विहिरीकडं ओल्या गवतावर बसून जाऊ नका. विहिरीभोवतीची पट्टी कायम ब्रशकटरलाच ठेवा. उरलेल्या उतारावर राइड-ऑन वर-खाली चालवायचं, आडवं नाही. काळी माती ओली असताना चाकं रुततात, उघडीप बघूनच काढा.

माझं मत: यंदा काही घेऊ नका. गड्याला जादा पैसे देऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला, बी धरायच्या आत, एकदा खालून कापून घ्या. पाऊस संपला की दगड वेचा, खड्डे भरा, रोलर फिरवा. मग पुढच्या वर्षी ३० ते ४२ इंची डेकचं जुनं, पण ज्याचे पार्ट मिळतात असं यंत्र दोन लाखांत शोधता येईल.

मिरज_लॉन्सवाला:
जुनं बघायला गेलात तर आधी इंजिनला हात लावून बघा. मालकानं आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड स्टार्टिंगची अडचण लपवतोय समजा. मग पातं हातानं वर-खाली हलवा, खडखडलं तर स्पिंडल गेलाय.

लिंबकर:
कराडला एका फार्महाऊसचं यंत्र विकायचंय असं कळलंय. घ्यायचं पुढच्या वर्षीच, पण बघून तर येतो. रविवारी कुणी त्या बाजूला असेल तर सोबत या, चहा-भजी माझ्याकडून.

कुपवाड_फिटर:
दुपारनंतर जमतंय. बेअरिंगचा नंबर तेवढा आधी फोनवर विचारून ठेवा.