मनोरुग्णालयाची मोकळी जमीन ‘जास्तीची’ कशी?

अभय: ठाणे मनोरुग्णालयाच्या आवारातली मोकळी जमीन वर्षानुवर्षे पडून आहे. इंग्लंडमध्ये २०१७ च्या नेलर अहवालाने सरकारी आरोग्यसेवेच्या जास्तीच्या जमिनीवर २६,००० घरे होऊ शकतील, असे मांडले होते. म्हाडाने इथेही परवडणारी घरे बांधावीत.

वसुधा: ‘पडून आहे’ हे शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. १९०१ पासूनच्या या आवारातली सुमारे १५ एकर जागा नव्या रेल्वे स्थानकासाठी आधीच दिली गेली आहे. ठाण्याच्या सिव्हिलची, म्हणजे जिल्हा रुग्णालयाची, जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरल्यावर २०२३ मध्ये ते रुग्णालय हलवले, तेही याच आवारात. त्याआधीच तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या असत्या, तर शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या रुग्णांची सोय कुठे लावली असती? माझा भाऊ एका सरकारी मनोरुग्णालयात सात महिने होता. वॉर्डात तो भिंतीकडे तोंड करून बसे. दुपारी मात्र त्याला बाहेर चिंचेखाली नेत. एके दिवशी त्याने खाली पडलेली चिंच उचलून ‘पिकली आहे का?’ असे विचारले. कित्येक आठवड्यांत तो स्वतःहून बोललेला तो पहिला शब्द. त्या जागेला जास्तीची म्हणू नका.

अभय: मला रुग्णांचा वैरी ठरवण्याचे कारण नाही. मीही भाड्याच्या घरात राहतो आणि दर अकरा महिन्यांनी सामान हलवतो.

बदलापूरकर: माझी पत्नी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळच्या पाळीसाठी ती बदलापूरहून पहाटे पाचच्या आत निघते. तिला क्वार्टर मिळाले होते, परंतु पावसाळ्यात छताखाली तीन बादल्या मांडूनही गादी भिजायची. दोन वर्षे अर्ज केले, शेवटी सोडले. घरे कोणासाठी, हे आधी ठरवा. म्हाडाच्या सोडतीत ज्याचे नाव निघेल त्याला घर मिळेल. रात्रपाळी करणारी बाई पुन्हा लोकलमध्येच उभी राहील.

अभय: इंग्लंडच्या सरकारने २०१७ मध्येच अशा घरांवर आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिला हक्क देण्याचे जाहीर केले होते.

बदलापूरकर: तिथे बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचे भाडेही ‘परवडणारे’ धरतात. ठाण्यात त्या हिशेबाने वॉर्डबॉय सोडाच, परिचारिकेलाही घर झेपणार नाही. भाडे पगाराच्या प्रमाणात ठरवा.

अभय: ठीक आहे, म्हाडाचा मुद्दा मी मागे घेतो. घरांची गरज आहे, हे मात्र मागे घेत नाही.

वसुधा: जमीन आरोग्य विभागाच्याच नावावर राहणार असेल, घर नोकरी असेपर्यंतच मिळणार असेल आणि जुन्या, मोडकळीस आलेल्या क्वार्टर्सच्या जागेवरच बांधले जाणार असेल, तर मी नाइलाजाने का होईना, हो म्हणेन. रुग्णांच्या वावरातली एक वीतही देणार नाही.

बदलापूरकर: तोवर आहेत त्या क्वार्टर्सची छपरे या पावसाळ्याआधी दुरुस्त व्हावीत. त्यासाठी नवी जमीन लागत नाही.